बेचाळीस आकडे

एका प्रशिक्षकाने आपल्याच हाताखालच्या धावपटू मुलीला फसवले. तीन माणसांच्या निवड समितीने ते फसवणे समोर बसून पाहिले आणि त्यावर सही केली. मधल्या काळात मी एक चूक केली, तीही लिहिणार आहे. नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळली आहेत. कोणता चोर कोणत्या ठाण्यातला हे सांगता येत नाही. हे प्रकरण मात्र तारखेवार आठवते.

नव्वदचे दशक अर्धे सरले होते. मी वाराणसीतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. जन्म दुर्गाघाटावरचा, घरची भाषा मराठी. वडील रामघाट-दुर्गाघाटावरच्या याज्ञिकांच्या घरी पाणी भरत. गंगेवरून कळशी खांद्यावर घेऊन सत्तर पायऱ्या वर. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत इन्स्पेक्टर झालो. कोणाची चिठ्ठी नव्हती, कोणी मामा नव्हता. हे सांगायचे कारण पुढे येईल.

थंडी ओसरत होती. सकाळी दहाच्या सुमारास रामघाटावरचे एक घनपाठी गुरुजी आणि त्यांची मुलगी ठाण्यात आली. गुरुजींना मी लहानपणापासून ओळखत होतो. धोतर, उपरणे, कपाळाला भस्म, आणि ठाण्याच्या फरशीवर पाय टेकवतानाही आपल्याला विटाळ होतोय अशी चाल. मुलगी बावीस-तेवीसची, सडपातळ, केसांची घट्ट वेणी. लांब पल्ल्याची धावपटू. खेळाडूंसाठी राखलेली एक सरकारी जागा निघाली होती, आणि वयाच्या अटीमुळे तिला ही शेवटची संधी होती. घरात ठरले होते: नोकरी लागली तर धावणे चालू, नाही लागली तर बोहल्यावर.

गुरुजी खुर्चीवर बसले नाहीत. माझ्याकडे नीट पाहून, सगळ्या शिपायांसमोर, मोठ्याने म्हणाले, "अरे, तू दुर्गाघाटावरच्या पाणक्याचा मुलगा ना? मोठा अफसर झालास!"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, हे आज कळते. त्या दिवशी कानशिले तापली. हेड मुहर्रिर, म्हणजे आमचा लिहिणारा मुंशी, कागदात तोंड घालून हसला. मी म्हटले, "हो गुरुजी. तक्रार सांगा."

तक्रार मुलीने सांगितली. चार दिवसांपूर्वी निवडीची शर्यत झाली. राजघाटच्या पुलावरून पलीकडे पडाव, तिथून रामनगरच्या रस्त्याने एका ठरलेल्या खांबाला वळसा घालून परत. दहा किलोमीटर. खांबापाशी प्रशिक्षक स्वतः स्कूटर लावून वही घेऊन उभे होते. वळसा घालणाऱ्या प्रत्येकीचा नंबर त्यांनी लिहायचा. ही पहिली आली. बेचाळीस मिनिटांत. निकाल लागला तेव्हा वहीत तिचा नंबर नव्हता. प्रशिक्षकांनी लिहून दिले की ती खांबापर्यंत आलीच नाही. पडावला एका दुकानामागे दहा-बारा मिनिटे बसून राहिली आणि परतीच्या वेळी पुन्हा रस्त्यावर आली. जागा दुसरीला. ती मुलगी एका मोठ्या अधिकाऱ्याच्या नात्यातली होती. बाकीच्या मुली प्रशिक्षकांच्या हाताखालच्या. कोणी तोंड उघडेना.

"मग चोरी कसली झाली?" मी विचारले.

"घड्याळाची," ती म्हणाली. "त्यात सगळं लिहिलेलं आहे."

युरोपातून आलेला एक विद्यार्थी दोन वर्षे तिच्या वडिलांकडे वेदपठण शिकत होता. पहाटे घाटांवरून धावायचा. जाताना त्याने गुरुदक्षिणा देऊ केली, गुरुजींनी परदेशी वस्तू घेतली नाही, म्हणून आपले घड्याळ मुलीला देऊन गेला. ते घड्याळ हृदयाचे ठोके मोजत असे. दर मिनिटाला किती ठोके पडले ते आपल्या पोटात साठवून ठेवत असे, आणि बटणे दाबली की एकेक मिनिटाचा आकडा परत दाखवत असे. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी ही आपले ठोके बघायची: अट्ठेचाळीस. पन्नासच्या वर गेले तर त्या दिवशी हलके धावायचे. सरावात दीडशेच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, शर्यतीत एकशे सत्तर धरून ठेवायचे. वर्षभर तिने स्वतःला असे घडवले होते. प्रशिक्षकांना असली यंत्रे आवडत नसत. ते मानेला दोन बोटे लावून ठोके मोजायला सांगत.

"नाडी बघायला वैद्य असतो," गुरुजी मध्येच म्हणाले. "पण हिला घड्याळ लागतं."

"बाबा, वैद्य बरोबर धावतो का?"

मला ती मुलगी तिथे आवडली.

मी हिशेब केला. माणूस दहा मिनिटे बसला तर त्याचे ठोके खाली येणारच, एकशे सत्तरचे शंभर होणार. ती धावतच राहिली असेल तर घड्याळात मध्ये कुठे खड्डा दिसणार नाही. निकाल लागला तेव्हा तिने प्रशिक्षकांना तोंडावर सांगितले होते, "सर, घड़ी में सब लिखा है।" शहाण्या माणसाने आपला हुकमाचा पत्ता असा दाखवायचा नसतो. पण ती धावपटू होती, बाजारात वाढलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी लेखी हरकत द्यायला ती स्टेडियमच्या कचेरीत गेली. कागदावर कुठलासा शिक्का हवा म्हणून तिला शेजारच्या इमारतीत पाठवले. पिशवी खुर्चीवर ठेवून गेली. पंधरा मिनिटांनी आली तर पिशवीतली कापडी थैली नाही. थैलीत घड्याळ. समितीपुढे हरकतीची सुनावणी आठ दिवसांवर होती.

दरखास्त ती घरून हिंदीत लिहून घेऊन आली होती. मुंशीने त्यावरून गुन्हा नोंदवला, रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत उतरवला, आणि मी तपास स्वतःकडे घेतला.

पहिली बातमी स्टेडियमसमोरच्या चहावाल्याकडून मिळाली. त्याला ठाऊक होते की मला काय हवे आहे, आणि मला ठाऊक होते की त्याला काय हवे आहे. त्याची गाडी फुटपाथवर होती आणि महानगरपालिकेची अतिक्रमण हटाव मोहीम जवळ आली होती.

"दरोगाजी, होली तक गाड़ी मत हटवाइए।"

"आठ दिन."

"आठ दिन में तो गुरु, चायपत्ती भी नहीं उतरती."

पंधरा दिवसांवर जमले. तो म्हणाला, त्या सकाळी बाहेरचा एकही माणूस कचेरीत गेला नाही. कचेरीत चौघेच होते: बाबू, माळी, चौकीदार आणि प्रशिक्षक. आणि एक गोष्ट. प्रशिक्षक दिवसातून तीनदा त्याचा चहा पितात. त्या दिवशी भरलेला कुल्हड, चहाचा मातीचा पेला, तसाच परत आला.

यावर कोणाला अटक करता येत नाही. पण माणूस रोजची गोष्ट ज्या दिवशी मोडतो, त्या दिवशी त्याच्याकडे बघावे, हे मी शिपाई असल्यापासून शिकलो आहे.

तिसऱ्या दिवशी वरच्या कचेरीतून विचारणा आली: या प्रकरणात जमिनीचा वाद आहे का? मला कळेना. मी रोजनामचा मागवला. मुंशीने लिहिले होते: एक घड़ी, विदेशी, तथा मकान का पट्टा.

मराठी वाचकाला सांगायला हवे. आपल्याकडे पट्टा म्हटले की कमरेचा, नाहीतर कुत्र्याच्या गळ्यातला. आमच्या मुलखात कचेरीत पट्टा म्हणजे एकच: जमीन किंवा घर अमक्याला वापरायला दिल्याचा सरकारी कागद. मुलीच्या दरखास्तीत तीन शब्द होते: "घड़ी और पट्टा".

मी मुंशीवर इतक्या जोरात ओरडलो की कोठडीतला दारुडा जागा झाला. मुंशी शांतपणे म्हणाला, "हुज़ूर, घड़ी का पट्टा तो घड़ी में ही लगा रहता है। अलग से कोई काहे लिखाएगा? हम समझे, मकान का होगा. पंडित लोगों के मकान का झगड़ा तो चलता ही है।"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. वेगळा का लिहिला? मी मुलीला बोलावून घेतले. विचारले तर तिने मान खाली घातली. समोर दोन शिपाई होते, त्यांना बाहेर घालवले. मग हळू आवाजात म्हणाली, "काका, तो मनगटाचा नाही. तो... आतून बांधायचा असतो. छातीला. ओला करून. तोच ठोके ऐकतो, घड्याळ नुसतं दाखवतं."

"मग दरखास्तीत तसं लिहायचं."

"बाबांनी लिहू दिलं नाही. म्हणाले, असला शब्द पोलिसांच्या कागदात नको."

"तुझ्या सरांना माहीत आहे हा पट्टा?"

"सरांना कसं सांगणार?" ती चिडलीच. "मैत्रिणींनाही माहीत नाही. सगळ्यांना मनगटावरचं घड्याळच दिसतं. घरी आई-बाबा, आणि ज्याने दिलं तो. तो तर आपल्या देशाला गेला."

मी रोजनामच्यात दुरुस्ती करायला हातात घेतलेले पेन खाली ठेवले. मुंशीला सांगितले, हा शब्द आठवडाभर असाच राहू दे. लाजेने अर्धवट लिहिलेला आणि सवयीने चुकीचा वाचलेला तो शब्द आता माझ्या कामाचा होता. तो पट्टा छातीचा आहे हे फक्त ज्याने थैली उघडली त्यालाच कळणार होते.

चौघांना वेगवेगळे बोलावले. सगळ्यांना एकच प्रश्न, एकाच सुरात: "घड़ी और पट्टा कहाँ है?"

कचेरीचा बाबू घाबरून म्हणाला, "साहब, स्टेडियम की ज़मीन का पट्टा तो अलमारी में बंद है, अभी दिखा दूँ?"

माळी म्हणाला, "हमरे पास त झोंपड़ी के पट्टा भी नइखे, मालिक. दिलवा द त बड़ी किरपा होई।" त्याने खरोखर हात जोडले. त्या अर्जाचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही, पण मी त्याला तहसिलीचा रस्ता सांगितला.

चौकीदार म्हणाला, कोणता पट्टा, कुत्र्याचा? स्टेडियमचा कुत्रा गेल्या वर्षीच मेला.

प्रशिक्षक सर्वांत शेवटी. पन्नाशीचे, ताठ, गळ्यात शिट्टी. बसताना पँटची इस्त्री सांभाळून बसले. मी चहा मागवला. मुलीची चौकशी केली. ते म्हणाले, गुणी आहे पण आळशी. स्टेडियमची, पावसात वाहून जाणाऱ्या ट्रॅकची, सरकारच्या उदासीनतेची चर्चा झाली. माणसाला आधी त्याच्या आवडत्या तक्रारीवर बोलू द्यावे, तोंड सैल होते. मग मी कागद चाळत म्हटले, "आप तो जानते ही हैं, मुझे रिपोर्ट में लिखना पड़ता है। घड़ी और पट्टा, दोनों की बात है।"

"देखिए इंस्पेक्टर साहब," ते तावातावाने म्हणाले, "घड़ी वो पहनती थी, सब ने देखी है। लेकिन छाती पर बाँधने वाला पट्टा-वट्टा हमने कभी नहीं देखा।"

मी मान वर केली नाही. चहा संपवला. कुल्हड खाली ठेवला.

"छाती पर, ये आपको किसने बताया?"

"लड़की ने।"

"लड़की ने तो हमको भी तीन दिन नहीं बताया. दरखास्त में नहीं लिखा. हमारे मुंशीजी ने तो मकान का पट्टा लिख रखा है, ये देखिए।"

मी रोजनामचा त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी ती ओळ वाचली, परत वाचली. माणूस खचतो तेव्हा आधी त्याचे हात कळतात. ते शिट्टीच्या दोरीला पीळ घालू लागले.

मग घासाघीस झाली. ती मला येते. ते म्हणाले, परत केले तर गुन्हा मिटवाल का? मी म्हटले, आधी माल. ते म्हणाले, पोरींसमोर झडती नको. ते मी मान्य केले. साध्या कपड्यातला एक शिपाई आणि मी, त्यांच्याबरोबर रिक्षाने. त्यांनी आणखी दोन गोष्टी मागितल्या, त्या मी दिल्या नाहीत.

वाटेत ते आपणहून बोलले. "अट्ठारह साल से अस्थायी हूँ। हर साल चिट्ठी आती है कि एक साल और. कहा गया, इस बार पक्का कर देंगे, बस इतना-सा काम है।" कोणी म्हटले ते सांगितले नाही. मीही त्या रिक्षात तेवढा जोर लावला नाही. लावायला हवा होता.

थैली भांडारातल्या चुन्याच्या गोणीत सापडली, ट्रॅकवर रेषा मारायच्या चुन्यात. घड्याळाच्या खाचांत पांढरी पूड बसली होती. आकडे पुसायला त्यांनी दोन दिवस सगळी बटणे दाबून पाहिली होती. पुसता आले नव्हते.

ठाण्यात मुलगी आणि गुरुजी थांबले होते. मुलीने फुंकर मारून चुना उडवला, बटणे दाबली आणि मोठ्याने श्वास सोडला. "आहे. सगळं आहे." ती एकेक आकडा वाचू लागली. मुंशीला समजावे म्हणून हिंदीत. "पहला मिनट, एक सौ बावन. दूसरा, एक सौ तिरसठ..." पंधराव्या मिनिटापासून मी आकडे नीट ऐकू लागलो; बसून राहिल्याचा आरोप याच मिनिटांचा होता. एकशे बहात्तर, एकशे चौऱ्याहत्तर, एकशे त्र्याहत्तर. तिथून सत्ताविसाव्या मिनिटापर्यंत आकडा एकशे अडुसष्टच्या खाली आला नाही. दुकानामागे बसलेल्या माणसाचे ते काळीज नव्हते. शेवटचा, बेचाळिसावा आकडा एकशे एकोणनव्वद. गुरुजी बाकावर डोळे मिटून बसले होते. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. मला वाटले, जप चालला आहे.

यंत्र चालते का हे मलाही बघायचे होते. आतल्या खोलीत जाऊन सुरईतल्या पाण्याने पट्टा भिजवला, सदऱ्याखाली बांधला, बाहेर येऊन खुर्चीवर बसलो. शहाण्णव. मग मुंशी म्हणाला, "फर्द में अंक नहीं चढ़ेंगे हुज़ूर, हुलिया चढ़ेगा. घड़ी काली, शीशा साबुत." मी त्याला दोन वाक्ये सुनावली. घड्याळ एकशे एकतीस म्हणाले. मी शांतपणे बोलतो आहे असे मला वाटत होते.

आता माझी चूक.

फर्द म्हणजे जप्तीचा कागद. तिच्यात आकडे चढत नाहीत हे खरे होते, पण वेगळा पंचनामा करून चढवता आले असते. मी केला नाही. वाटले, खुद्द घड्याळ हातात आहे, कागद कशाला? घाईघाईत केस डायरीत चार आकडे तेवढे टिपले: सहाव्या मिनिटाचा, सोळाव्याचा, एकविसाव्याचा आणि शेवटचा.

गुरुजी उठले. "घड्याळ मुलीला दे. पाच दिवसांवर समिती आहे."

"मुद्देमाल आहे गुरुजी. कोर्टाच्या हुकुमाशिवाय देता येत नाही."

"अरे, तुझ्या हातात आहे की."

कायद्याने मी बरोबर होतो. पण मी दुसऱ्याच दिवशी कोर्टात अर्ज लावून, जामिनावर ते घड्याळ तिच्या ताब्यात देऊ शकत होतो. असे मी शेकडो वेळा केले आहे, सायकलींसाठी, गाईंसाठी. त्या दिवशी कानात एकच शब्द घुमत होता: पाणक्या. म्हटले, थांबू दे जरा याज्ञिकांना. कापडात गुंडाळून लाखेची मोहोर लावली आणि मालखान्यात ठेवून दिले. अर्ज चौथ्या दिवशी लावला.

समितीच्या दिवशी कोर्टाच्या परवानगीने मोहोर फोडली. घड्याळाचा काचेचा चेहरा कोरा होता. प्रशिक्षकांनी दोन दिवस बटणे दाबली, मीही खेळलो; सेल संपला होता. कँटोन्मेंटातल्या घड्याळजीने नवा सेल घातला. घड्याळ चालू झाले आणि बारा वाजले म्हणाले. पोटात काही नव्हते.

समितीचे तिघे लांब टेबलामागे बसले होते. अध्यक्ष म्हणाले, चोरीचा खटला कोर्टात चालेल, त्याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. शर्यत पूर्ण केल्याचा पुरावा असेल तर द्या. मुलीने कोरे घड्याळ टेबलावर ठेवले.

तेव्हा गुरुजी पुढे आले. उपरणे सावरले आणि म्हणाले, "अंक मेरे पास हैं।"

घनपाठी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. वेदातला एकेक शब्द मागच्या-पुढच्या शब्दांशी जोडून, उलटसुलट फिरवून, अक्षरही न चुकता म्हणायचा, बालपणापासून तेच. असा माणूस एकदा ऐकलेले विसरत नाही, विसरणे त्याला पाप वाटते. गुरुजींनी डोळे मिटले आणि बेचाळीस आकडे म्हटले. न थांबता, सपाट सुरात, मान किंचित हलवत. मग म्हणाले, "उलटा भी सुन लीजिए," आणि बेचाळिसाव्यापासून पहिल्यापर्यंत मागे आले. ज्या बापाने घड्याळाची चेष्टा केली होती, तो मुलीच्या काळजाचे ठोके मंत्रासारखे म्हणत होता.

दुसरे सदस्य हसले. "पंडितजी, ये याददाश्त का इम्तिहान नहीं है। आप बिटिया के ब्याह का मुहूर्त निकालिए।"

गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. अध्यक्षांना म्हणाले, "जो अंक ग़लत लगे, वो बता दीजिए।"

मला राहवले नाही. मी केस डायरी उघडली. ती गोपनीय असते, तपास अधिकाऱ्याने ती अशी उघडायची नसते, हे मला टेबलामागच्या तिघांपेक्षा चांगले ठाऊक होते. म्हटले, ही डायरी गुरुजींनी पाहिलेली नाही, पाहू शकत नाहीत. यात मी जप्तीच्या दिवशी चार आकडे टिपले आहेत. सहावे मिनिट एकशे एकाहत्तर. सोळावे एकशे चौऱ्याहत्तर. एकविसावे एकशे अठ्ठ्याहत्तर. बेचाळिसावे एकशे एकोणनव्वद. चारही गुरुजींच्या तोंडून आत्ताच आपण ऐकले. माणूस चार आकडे अंदाजाने जुळवू शकतो का?

"दिल तो डर से भी धड़कता है," तिसरे सदस्य म्हणाले.

"बेचाळीस मिनिटे? मग आपण आत्ता बांधून बघा," मी म्हटले.

अध्यक्ष म्हणाले, "इंस्पेक्टर साहब, आप गवाह हैं या वकील?" आणि फाइल मिटली. निकालात एक ओळ आली: अर्जदाराने कोणताही ग्राह्य पुरावा सादर केला नाही.

जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. तिला मी दोष देत नाही. ती धावली तेवढी धावली. प्रशिक्षकांवरचा चोरीचा खटला चालत राहिला, साक्षीदार फिरले, ते सुटले. पुढे कायमही झाले असे ऐकले. डायरी उघडल्याबद्दल माझ्यावर तक्रार गेली. सेवापुस्तिकेत परिनिंदेचा, म्हणजे ठपक्याचा, शेरा लागला आणि बढतीच्या यादीत माझ्यामागची दोन नावे पुढे गेली. मुलीचे लग्न झाले. नागपूरकडे एका शाळेत ती कवायत शिकवते.

गुरुजी नंतर एकदाच भेटले, ब्रह्माघाटाच्या गल्लीत. मी वाकून नमस्कार केला आणि अर्ज चार दिवस का रखडवला ते सांगून टाकले. ते म्हणाले, "तुझे वडील कळशी हिंदकळू देत नसत. सत्तर पायऱ्या, पण थेंब सांडत नसे. मी ते कौतुकाने म्हटलं होतं रे."

हल्लीची घड्याळे आकाशातल्या उपग्रहांना विचारून माणूस कुठे होता तेही सांगतात; खांबाला वळसा घातला की नाही, याला साक्षीदार लागत नाही. त्या घड्याळाला जागा कळत नव्हती, फक्त काळीज कळत होते. तेवढे पुरले असते. या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच: यंत्र खरे बोलते, पण ते कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याच्या मनात त्या दिवशी काय सलते आहे, यावर ते खरे टिकते की नाही हे ठरते. माझ्या मनात एक शब्द सलत होता. त्याची किंमत एका मुलीने दिली. मी हे माझ्या नावावर घेतो, शेऱ्यासकट.

पण समितीतल्या त्या तिघांनी आपल्या नावावर काहीच घेतलेले नाही. त्यांच्या सेवापुस्तिका स्वच्छ आहेत, निवृत्तिवेतन पूर्ण आहे. त्यांतले दोघे हयात आहेत, माझ्यासारखेच सकाळी फिरायला जातात. त्यांना मी रस्त्यात अडवणार नाही, आता तो अधिकारही नाही. पण गुरुजींनी त्यांना एक साधा प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर बाकी आहे. कागदावर द्या, खाली सही करून द्या: बेचाळीस आकड्यांपैकी कोणता चूक होता?